घरच्या स्टिरिओसाठी पहिला व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायर निवडताना

ज्यांच्या घरी लहानपणी लाकडी पेटीचा रेडिओ होता, त्यांना बटण फिरवल्यानंतरची ती अर्ध्या मिनिटाची शांतता आठवत असेल. आतली काचेची नळी तापल्याशिवाय आवाज येत नसे. त्या नळीला आपल्याकडे व्हॉल्व्ह म्हणत, आज दुकानांत तिलाच ट्यूब म्हणतात. वस्तू एकच आहे. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये १९६१पासून असे व्हॉल्व्ह तयार होऊ लागले आणि पुढे ट्रान्झिस्टरने ते घराघरांतून हटवले. तरी संगीत ऐकण्याच्या उपकरणांत ते टिकून राहिले. इंदूरमध्ये राहणाऱ्या आणि पहिल्यांदाच असा अॅम्प्लिफायर घेऊ पाहणाऱ्या वाचकांसाठी, निवड कोणत्या क्रमाने करावी हे येथे सांगितले आहे. क्रमावर माझा विशेष भर आहे, कारण बहुतेक चुका तो उलटा केल्यामुळे होतात, आणि मीही ती चूक केली होती.

पहिली पायरी : आधी स्पीकर आणि खोली

अॅम्प्लिफायरच्या आधी स्पीकर ठरवावा. प्रत्येक स्पीकरच्या माहितीपत्रकात त्याची संवेदनशीलता डेसिबलमध्ये दिलेली असते. एक वॉट वीज दिली असता एक मीटरवर किती मोठा आवाज मिळतो, ते हा आकडा सांगतो. वॉट दुप्पट केले की आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो, आणि दहापट केले की १० डेसिबलने. याचा अर्थ असा की ८५ डेसिबलच्या स्पीकरला जेथे ४० वॉट लागतात, तेथे ९५ डेसिबलच्या स्पीकरला ४ वॉट पुरतात. व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायरमध्ये एकेक वॉट महाग असतो, म्हणून हा हिशेब टाळता येत नाही.

माझा पहिला अॅम्प्लिफायर ३००बी या व्हॉल्व्हचा, सुमारे ८ वॉटचा होता, आणि घरातले लहान स्पीकर ८५ डेसिबलचे. ८ वॉटमुळे त्यांत ९ डेसिबलची भर पडते, म्हणजे एक मीटरवर ९४. तीन मीटरवर बसल्यामुळे साधारण ६ डेसिबल कमी होतात आणि दोन स्पीकर असल्यामुळे ३ परत मिळतात, म्हणजे आसनापाशी जास्तीत जास्त ९१. आपण एरवी सरासरी ७५ डेसिबलच्या आसपास ऐकतो, परंतु तबल्याची थाप किंवा तानेचा जोर त्याहून १५ ते २० डेसिबल वर उसळी घेतो. त्यामुळे आलाप फार सुंदर वाजत असे, आणि द्रुत लय सुरू झाली की डग्ग्याचा प्रत्येक ठोका दबून फाटल्यासारखा येई. विक्रेत्याने स्पीकर कोणते आहेत हे विचारले नाही आणि मीही सांगितले नाही; तो अॅम्प्लिफायर वर्षभरात तोट्यात विकावा लागला.

लोकमान्यनगर किंवा राजेंद्रनगरच्या घरांत असते तशी दहा बाय बारा किंवा बारा बाय पंधरा फुटांची बैठकीची खोली धरली, तर माझा सल्ला असा की किमान ८९ ते ९० डेसिबलचे स्पीकर आणि १२ ते १५ वॉटचा अॅम्प्लिफायर ही जोडी निश्चिंतपणे घ्यावी. स्पीकर ८६ डेसिबलचे असून बदलायचे नसतील, तर ३० वॉटांच्या खाली जाऊ नये. व्हॉल्व्हचा एक वॉट ट्रान्झिस्टरच्या तीन वॉटांइतका असतो, असे दुकानांत हमखास ऐकायला मिळते. त्यात तथ्य एवढेच की चांगला व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायर ताकद संपत आली की हळूहळू दबतो आणि ट्रान्झिस्टरचा एकदम कडकडतो, त्यामुळे थोडी ओढाताण कानाला खुपत नाही. वॉट मात्र तेवढेच राहतात.

संवेदनशीलतेबरोबर स्पीकरचा ओहमचा आकडा, म्हणजे तो विजेला किती रोध करतो, हेही पाहावे. नाममात्र ८ ओहमचा स्पीकर काही कंपनांवर ३ ओहमपर्यंत खाली उतरत असेल, तर तो व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायरला जड जातो. ५ किंवा ६ ओहमच्या खाली न जाणारा स्पीकर या कामासाठी उत्तम.

दुसरी पायरी : रचना कोणती

रचना दोन प्रकारच्या असतात. सिंगल-एंडेड रचनेत प्रत्येक बाजूचा संपूर्ण सूर एकच आउटपुट व्हॉल्व्ह, म्हणजे स्पीकर चालवणारा व्हॉल्व्ह, उचलतो, तर पुश-पुल रचनेत दोन व्हॉल्व्ह ते काम वाटून घेतात. पहिलीचा आवाज मोकळा आणि जवळचा वाटतो, पण ताकद थोडी असते. दुसरीत ताकद, खर्जावरचा ताबा आणि शांतता अधिक मिळते. नवख्याने पुश-पुल घ्यावा, असे मला स्पष्टपणे वाटते. ३००बीचे नाव ऐकून अनेकांचे मन तिकडे धावते, आणि तो व्हॉल्व्ह खरोखरच थोर आहे, परंतु त्याला उच्च संवेदनशीलतेचे स्पीकर, उत्तम ट्रान्सफॉर्मर आणि मोठी रक्कम या तिन्ही गोष्टी एकत्र लागतात.

आउटपुट व्हॉल्व्हची चार नावे लक्षात ठेवली तरी पुरते. ईएल८४ लहान असतो. त्याची पुश-पुल जोडी १० ते १५ वॉट देते आणि मधल्या सप्तकातील गळा फार गोड लावते. ईएल३४ची जोडी सहज ३० ते ४० वॉट देते. केटी८८ त्याहून बलवान, पन्नास वॉट आणि पुढे जाणारा आहे, पण घरच्या खोलीत त्याची गरज क्वचितच पडते. चौथा ३००बी. यांच्याआधी सूक्ष्म संकेत वाढवणारे लहान व्हॉल्व्ह असतात, त्यांपैकी १२एएक्स७ आणि १२एयू७ सर्वांत जास्त भेटतात. एकाच व्हॉल्व्हची अमेरिकी आणि युरोपीय अशी दोन नावे असतात, हेही माहीत असावे : १२एएक्स७ म्हणजेच ईसीसी८३, ईएल८४ म्हणजेच ६बीक्यू५, आणि ईएल३४ म्हणजे ६सीए७. दुकानदाराने दुसरे नाव सांगितले म्हणून माल परत करू नये.

हे व्हॉल्व्ह आजही स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमधील कारखान्यांत बनतात, त्यामुळे पाच वर्षांनंतरही ते मिळतील असा विश्वास ठेवता येतो. ज्या अॅम्प्लिफायरमध्ये दुर्मीळ, केवळ जुन्या साठ्यातून मिळणारा आउटपुट व्हॉल्व्ह आहे, तो कितीही आकर्षक दिसला तरी पहिल्या खरेदीत टाळावा.

तिसरी पायरी : वजन उचलून पाहा

खऱ्या व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायरमध्ये किमान तीन ट्रान्सफॉर्मर असतात : एक विजेचा आणि प्रत्येक स्पीकरसाठी एक आउटपुट ट्रान्सफॉर्मर. व्हॉल्व्ह मोठ्या व्होल्टेजवर अल्प प्रवाह देतो, स्पीकरला नेमके उलट हवे असते, आणि हे रूपांतर आउटपुट ट्रान्सफॉर्मर करतो. खर्ज किती खोल जाईल आणि वरचे स्वर किती स्वच्छ राहतील, हे बरेचसे या लोखंड-तांब्यावर ठरते. व्हॉल्व्ह नंतर बदलता येतो, ट्रान्सफॉर्मर सहसा कोणी बदलत नाही. म्हणून १२-१५ वॉटांचा पुश-पुल अॅम्प्लिफायर दहा किलोच्या खूपच खाली असेल, तर ट्रान्सफॉर्मरमध्ये काटकसर झाली असावी असे धरून पुढील प्रश्न विचारावेत.

इंटरनेटवर अत्यंत स्वस्तात मिळणाऱ्या, हातात मावणाऱ्या ट्यूब अॅम्प्लिफायरबद्दल येथेच सावध करतो. त्यांत दोन छोटे व्हॉल्व्ह पुढच्या बाजूला असतात, पण स्पीकर चालवण्याचे काम आत दडलेली एक चिप करते. ओळखीच्या एका मुलाने आणलेला असा डबा आम्ही उघडून पाहिला. व्हॉल्व्हच्या सॉकेटच्या मधोमध नारिंगी एलईडी बसवलेला होता, आणि जी ऊब दिसत होती ती त्याच दिव्याची होती. व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टर यांची मिश्र रचना वाईट नसते, काही फार चांगल्या आहेत. विकताना तसे स्पष्ट सांगितलेले असावे, एवढीच अपेक्षा.

चौथी पायरी : बायस कोण सांभाळणार

आउटपुट व्हॉल्व्हमधून शांत अवस्थेत किती प्रवाह वाहावा, हे ठरवण्याला बायस म्हणतात. कॅथोड बायस, ज्याला सेल्फ बायसही म्हणतात, त्यात एक रेझिस्टर हे काम आपोआप करतो. व्हॉल्व्ह बदलला तरी काही जुळवावे लागत नाही. फिक्स्ड बायसमध्ये नवे व्हॉल्व्ह बसवल्यावर मीटर लावून प्रवाह ठरवावा लागतो, आणि नंतरही अधूनमधून तपासावा लागतो. नाव फिक्स्ड असल्यामुळे अनेकांचा समज उलटा होतो. वॉट थोडे कमी मिळाले तरी नवख्याने सेल्फ बायस घ्यावा. किंवा फिक्स्ड बायस घ्यायचाच असेल, तर ज्याचा मीटर आणि जुळवणीचे स्क्रू बाहेरच्या बाजूला आहेत असाच घ्यावा. उघडलेल्या अॅम्प्लिफायरमध्ये ३०० ते ४५० व्होल्टचा डीसी असतो, आणि प्लग काढल्यानंतरही कॅपॅसिटरमध्ये तो साठून राहतो. त्या व्होल्टेजने माणूस दगावू शकतो. खालचे झाकण स्वतः उघडू नये, ही सूचना मी कोणत्याही सवलतीविना देतो.

पाचवी पायरी : घरची वीज

या विषयाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते आणि आपल्याकडे तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. आपली वीज कागदोपत्री २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची असते. बाहेरून येणारे अनेक अॅम्प्लिफायर २२० व्होल्टांसाठी गुंडाळलेले असतात. माझ्या घरी मी एक महिना व्होल्टेजची नोंद ठेवली होती : संध्याकाळी सातला २२६ ते २३० असे, आणि रात्री अकरानंतर, आसपासचे दिवे-पंखे बंद झाले की, २४५पर्यंत चढत असे. म्हणजे निवांत ऐकण्याची जी वेळ, तीच चढ्या व्होल्टेजची. २२०च्या ट्रान्सफॉर्मरला २४५ व्होल्ट दिले, तर व्हॉल्व्हच्या ६.३ व्होल्टच्या हीटरला, म्हणजे आतल्या तापणाऱ्या तारेला, ७ व्होल्ट मिळतात, आणि प्लेटवरचे व्होल्टेजही त्याच प्रमाणात चढते. व्हॉल्व्ह लगेच जळत नाही, त्याचे आयुष्य मात्र गुपचूप कमी होत जाते. चांगल्या स्थितीत आउटपुट व्हॉल्व्ह साधारण दोन ते पाच हजार तास चालतो आणि लहान व्हॉल्व्ह त्याहून बरेच अधिक.

म्हणून खरेदीपूर्वी विक्रेत्याला लेखी विचारावे की ट्रान्सफॉर्मर किती व्होल्टांचा आहे आणि त्याला २३० किंवा २४० व्होल्टची वेगळी तार काढलेली आहे का. नसेल, तर ५०० व्हीए क्षमतेचा सर्व्हो स्टॅबिलायझर, म्हणजे व्होल्टेज सलगपणे जुळवणारा, सोबतच घ्यावा. रिलेचा साधा स्टॅबिलायझर व्होल्टेज टप्प्याटप्प्याने बदलतो, आणि प्रत्येक टप्प्याला होणारा खटका स्पीकरमधून ऐकू येऊ शकतो. अमेरिकेतून नातेवाइकांकरवी ११० व्होल्टांचा अॅम्प्लिफायर आणण्याचा विचार असेल, तर केवळ स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरने काम भागतेच असे नाही; तिकडची वीज ६० हर्ट्झची असते, आणि केवळ त्यासाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर अधिक तापतो.

दुसरी बाब अर्थिंगची. मल्हारगंज, रामबाग अशा जुन्या वस्त्यांतील घरांत तीन पिनांचे सॉकेट असले तरी तिसऱ्या पिनेमागे तार असेलच असे नाही. अॅम्प्लिफायर आणण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलावून फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ अशी दोन मापे घ्यायला सांगावीत. पहिले फेज-न्यूट्रलइतकेच यावे आणि दुसरे दोन-तीन व्होल्टांपेक्षा जास्त नसावे. घुंऽऽ असा आवाज घालवण्यासाठी अर्थची पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो अजिबात मानू नये. धातूच्या पेटीत ४०० व्होल्ट असताना ती पिन जीव वाचवते.

विजेच्या बिलाची भीती मात्र अवाजवी आहे. १५० वॉट घेणारा अॅम्प्लिफायर रोज तीन तास चालवला, तर अर्धा युनिटही होत नाही. उष्णतेचा विचार करावा लागतो. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळीसच्या वर जातो, तेव्हा अॅम्प्लिफायरच्या चहूबाजूंनी आणि वर एक वीत मोकळी जागा हवी, आणि तो बंद कपाटात किंवा टीव्हीखालच्या खणात कधीही ठेवू नये. त्याहून नेमकी सूचना कूलरबद्दल आहे : कूलरच्या झोताच्या रेषेत अॅम्प्लिफायर ठेवू नये, कारण पाण्याचा एक शिंतोडा तापलेल्या काचेवर पडला तरी ती तडकू शकते. घरात लहान मुले असतील, तर व्हॉल्व्हवरची जाळी सोबत मिळते का हेही विचारावे.

सहावी पायरी : कानाने पारखणे

जोडण्यांबद्दल थोडक्यात सांगतो. सीडी प्लेयर साधारण २ व्होल्टचा संकेत देतो, त्याला कोणताही अॅम्प्लिफायर चालतो. तबकडीच्या प्लेयरमधून मात्र जेमतेम ५ मिलिव्होल्ट येतात, म्हणून तो बारीक संकेत वाढवणारा भाग, म्हणजे फोनो स्टेज, आत आहे की वेगळा घ्यावा लागेल, हे आधीच विचारावे.

आता ऐकण्याविषयी. इंदूरमध्ये चार-पाच व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायर शेजारी ठेवून ऐकवणारे दुकान सापडणे कठीण आहे. महाराणी रोडवर सुटे भाग मिळतात, पण ऐकण्यासाठी कोणा रसिकाच्या घरी किंवा मुंबई-पुण्याला जावे लागण्याची तयारी ठेवावी. जाताना स्वतःच्या ओळखीचे ध्वनिमुद्रण न्यावे. दुकानदाराच्या चकचकीत रेकॉर्डिंगवर प्रत्येक यंत्र चांगलेच वाजते.

प्रथम काहीही न वाजवता आवाजाचे बटण शून्यावर ठेवून स्पीकरला कान लावावा. अगदी बारीक घुंकार चालेल, पण बसण्याच्या जागेवरून तो मुळीच ऐकू येता कामा नये. मग बटण नेहमीच्या जागेपर्यंत चढवून पुन्हा ऐकावे.

यानंतर उस्ताद अमीर खाँसाहेबांचा विलंबित ख्याल लावावा. खाँसाहेब (१९१२-१९७४) आपल्या इंदूर घराण्याचे, म्हणून केवळ अभिमानाने हे सुचवत नाही. या परीक्षेसाठी त्यांच्या गायकीइतके योग्य काही मला सापडलेले नाही. झूमरा तालाची अतिविलंबित लय, साधा ठेका आणि मंद्र सप्तकात रेंगाळणारा आवाज यांमुळे दोन मात्रांमध्ये इतकी जागा असते की यंत्राचे दोष त्या जागेत उघडे पडतात. डग्ग्यावरचा घुमारा पूर्ण वळून विझतो की मध्येच सैल होऊन पसरतो, ते पाहावे. व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायरचा अंतर्गत रोध जास्त असतो, त्यामुळे स्पीकरच्या पडद्यावरचा ताबा कमी पडला तर घुमारा लांबतो आणि गोड वाटतो, पण तबलजीने तो तसा वाजवलेला नसतो. त्याच मोकळ्या जागेत तानपुऱ्याची जवारी ऐकावी. तारांची किणकिण वेगवेगळी राहिली, तर वरचे स्वर ठीक आहेत. सगळे मिळून मऊ धुक्यासारखे झाले, तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर कमी पडतो आहे. जुन्या मुद्रणातील खरखर मात्र मुद्रणाची आहे, तिचा दोष यंत्राला देऊ नये.

शेवटी द्रुत बंदिश किंवा तराणा थोड्या मोठ्या आवाजात लावावा, ज्यात गळा, हार्मोनियम आणि तबला एकाच वेळी भरात असतील. ताकद संपत आलेल्या यंत्रात हे तिन्ही आवाज एकमेकांत मिसळून गढूळ होतात. माझ्या ८ वॉटांच्या अॅम्प्लिफायरवर आधी हार्मोनियम कर्कश होत असे आणि मग गळा मागे सरकत असे. खरेदीआधी हे दहा मिनिटे ऐकले असते तर पुढचे वर्ष वाचले असते.

सातवी पायरी : जुना घ्यावा का

जुना अॅम्प्लिफायर स्वस्तात मिळतो आणि कधी फार चांगला निघतो, पण पहिल्या खरेदीसाठी मी तो तेव्हाच सुचवीन, जेव्हा व्हॉल्व्हचे काम येणारा मेकॅनिक तुमच्या ओळखीचा असेल. व्हॉल्व्ह नव्हे, तर कॅपॅसिटर आधी म्हातारे होतात. तीस-चाळीस वर्षे बंद पडलेला अॅम्प्लिफायर सरळ २३० व्होल्टवर लावणे म्हणजे त्याचा ट्रान्सफॉर्मर धोक्यात घालणे. व्हॉल्व्हच्या काचेवर आतून असलेला चंदेरी थर पाहावा : तो दुधासारखा पांढरा झाला असेल, तर आत हवा शिरलेली आहे आणि तो व्हॉल्व्ह संपला.

नव्या यंत्रासाठीही दुरुस्तीचा प्रश्न आधीच सोडवून ठेवावा. शहरात जुने रेडिओ दुरुस्त करणारे काही हात अजून आहेत. खरेदीपूर्वीच एकाला भेटून, त्याला सर्किटचा नकाशा दाखवून, हे काम कराल का असे विचारावे. नकाशा द्यायला जो विक्रेता तयार नसतो, त्याच्याकडून घेऊ नये. एकूण रकमेतला दहावा हिस्सा स्टॅबिलायझर आणि सुट्या व्हॉल्व्हच्या एका संचासाठी बाजूला ठेवावा.

घरी आणल्यावर

प्रथम स्पीकरच्या तारा पक्क्या जोडाव्यात आणि मगच प्लग लावावा. स्पीकर न जोडता व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायर वाजवला, तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. स्पीकर ८ ओहमचा असेल, तर तार ८ ओहमच्या टर्मिनलला लावून ऐकावी, मग ४ ओहमच्या टर्मिनलला लावूनही पाहावी. नुकसान होत नाही, आणि कधी कधी दुसरी जोडणी खर्जाला अधिक मानवते. मात्र तारा बदलताना अॅम्प्लिफायर बंद असावा.

पहिल्या रात्री खोलीतील दिवे मालवून व्हॉल्व्हकडे नीट पाहावे. आतली तार नारिंगी उजळलेली असणे बरोबर आहे. काचेच्या आतल्या पृष्ठभागावर निळसर आभा दिसली, तरी घाबरण्याचे कारण नाही. पण बाहेरची राखाडी प्लेट मधोमध लालसर होऊ लागली, तर त्या क्षणी बटण बंद करावे. व्हॉल्व्हमधून प्रमाणाबाहेर प्रवाह वाहत असल्याची ती खूण आहे, आणि मिनिटाभरात व्हॉल्व्हबरोबर ट्रान्सफॉर्मरही जाऊ शकतो. व्हॉल्व्ह बदलून वेगवेगळे आवाज ऐकण्याचा मोह सहा महिने आवरावा, कारण मूळ आवाज कानात बसल्याशिवाय फरक ओळखता येत नाही. तोवर एका वहीत रोजचे तास लिहीत जावेत. दोन हजारांच्या जवळ आलात की आउटपुट व्हॉल्व्ह तपासून घ्यावेत, आणि बदलायचे झाले तर जुळवलेली जोडीच घ्यावी.